पाथरवटाचे अस्वल

१९२२ सालच्या शरद ऋतूत पॅरिस शहरी जे वार्षिक कलाप्रदर्शन भरले, त्यात एक पांढरे अस्वल मांडलेले होते. अस्वल प्लास्टरचे. चार पायांवर सरळ चालत निघालेले. मान लांब पुढे काढलेली, डोके लहान, पाठीची रेघ शेपटापासून नाकापर्यंत एका दमात ओढल्यासारखी. अंगावर एक केस कोरलेला नाही. नखे दाखविण्याची हौस नाही, दात विचकलेले नाहीत, पायाखाली मारलेला सील मासा नाही. प्राण्यांची शिल्पे पाहावयाची सवय असलेल्या त्या शहराला असा प्राणी नवीन होता. सिंहाने मगरीला धरले आहे, वाघाने हरणाचे नरडे फोडले आहे, असे देखावे लोकांनी शंभर वर्षे पाहिले होते. हे अस्वल कोणाला मारीत नव्हते. ते नुसते चालत होते, आणि तरीही लोक त्याच्यापुढे थबकत होते.

ते करणारा माणूस ६७ वर्षांचा होता. नाव फ्रान्स्वा पोंपों. प्रदर्शनाला येणाऱ्या सामान्य प्रेक्षकाला हे नाव ठाऊक नव्हते. दगडाच्या धंद्यातील माणसांना मात्र ते चांगले ठाऊक होते. कारण पॅरिसमधील मोठमोठ्या शिल्पकारांच्या कर्मशाळांतून हा माणूस चाळीस वर्षांहून अधिक काळ रोजीवर संगमरवर कोरीत आला होता.

कलेच्या इतिहासावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील तर उत्तर सोपे आहे : काही नाही. शाळा सातवीनंतर सुटली, फौंड्रीत मोल्डरच्या हाताखाली वाळू चाळण्यापासून सुरुवात झाली, आणि पुढे युनियनचे काम गळ्यात पडले. वाचन झाले ते कामगार वाचनालयात, पाळीनंतर. परंतु कोणतीही वस्तू समोर आली की ती कोणी केली, किती दिवसांत केली, त्याचे त्याला काय मिळाले आणि तिच्यावर नाव कोणाचे पडले, हे चार प्रश्न माझ्या मनात आपोआप उठतात. ही धंद्याची खोड आहे. पोंपोंचे चरित्र मला वाचावेसे वाटले ते या खोडीमुळेच. मी त्याचा एकेरी उल्लेख करणार आहे तो अनादराने नव्हे. आपल्याकडे तुकारामालाही आपण एकेरीच म्हणतो.

बर्गंडी प्रांतात सोल्यो नावाचे लहानसे गाव आहे. गुरांच्या बाजाराचा मुलूख. तेथे ९ मे १८५५ रोजी एका सुताराच्या घरी पोंपोंचा जन्म झाला. बापाच्या दुकानात रंधा मारणे, सांधे बसविणे हे त्याचे पहिले शिक्षण. गावात सेंट आन्दोश याचे बाराव्या शतकातील देऊळ आहे. त्याच्या खांबांच्या माथ्यावर पाने, पक्षी, जनावरे आणि बायबलातील प्रसंग कोरलेले आहेत. त्यांत देवदूत पाहून अडून बसलेले बलामाचे गाढवही आहे. ती कोरणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. सोल्योच्या पोराने शिल्प म्हणून जे काही प्रथम पाहिले असेल ते हे बिननावाच्या माणसांचे काम.

येथे मला आपले कार्ले आठवल्याखेरीज राहत नाही. तेथील चैत्यगृहात देणगीदार व्यापाऱ्यांच्या लेखांबरोबर एक लेख असा आहे की, धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, हे दार केले. दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराला आपले आणि आपल्या बापाचे नाव दगडात घालता आले! लेणी पाहावयास गेलेल्या किती जणांनी ती ओळ शोधून पाहिली असेल कोण जाणे. असो. आपण सोल्योला परत जाऊ.

पंधराव्या वर्षाच्या सुमारास पोंपों दिजों शहरी गेला आणि एका संगमरवरवाल्याकडे उमेदवारी करू लागला. काम थडग्यांचे : पाट्या, क्रूस, फुलांचे हार, मेलेल्यांची नावे. दिवसा हे, आणि रात्री तेथील कलाशाळेच्या वर्गात चित्रकला व कोरीवकाम. विशीत तो पॅरिसला आला. तेथेही प्रथम मोंपार्नासच्या कबरस्तानाजवळ तेच थडग्यांचे काम मिळाले, आणि तेथेही त्याने रात्रीची शाळा धरली. कामगारांच्या मुलांना जी शाळा परवडे ती ही. मोठ्या कलाविद्यालयाच्या मानाने तिला लोक 'धाकटी शाळा' म्हणत. तिच्या शिक्षकांत रुइयार नावाचा प्राणिशिल्पकार होता. त्याने या पाथरवट पोराला शहरातील वनस्पतिउद्यानात नेले. त्या उद्यानाला लागून फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळी, १७९३-९४ साली, उभे राहिलेले प्राणिसंग्रहालय आहे. अस्वल, चित्ता, गिधाडे, हरणे, सारे तेथे पिंजऱ्यात पाहावयास मिळे. पॅरिसने त्या आधी थोडीच वर्षे प्रशियाचा वेढा सोसला होता आणि भुकेने कास्टर व पोलक्स या लोकांच्या लाडक्या हत्तींचेही मांस खाल्ले होते. पोंपों आला तेव्हा शहर सावरत होते.

कामगारांच्या दृष्टीने तो काळ कसा होता, हे एका वाक्यात सांगता येईल. १८७१ चा पॅरिस कम्यून रक्तात बुडविला गेला होता, आणि फ्रान्समध्ये कामगार संघटनेला कायद्याने मान्यता मिळाली ती १८८४ च्या मार्चमध्ये. त्या वेळी पोंपों २८ वर्षांचा होता. त्याचे लग्न होऊन दोन वर्षे झाली होती; बायको बेर्त शिवणकाम करी. नवरा दगड फोडतो आणि बायको सुई चालवते, असा तो संसार.

आता त्याचा धंदा नीट समजावून घेतला पाहिजे, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. संगमरवरी पुतळा पाहिला की आपल्याला वाटते, शिल्पकार शिळेपुढे उभा राहिला असेल आणि स्फूर्तीच्या भरात छिन्नी चालवीत आतली मूर्ती बाहेर काढली असेल. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसमध्ये बहुतेक असे घडत नसे. शिल्पकार मातीत नमुना करी. त्या मातीवरून प्लास्टरचा ठसा निघे. पुढे तो ठसा आणि संगमरवराची शिळा शेजारी शेजारी ठेवून काम सुरू होई ते कारागिराचे. ठशावर ठराविक बिंदू ठोकलेले असत. एक आडवी-उभी सरकणारी टोचणी असलेले यंत्र घ्यावयाचे. टोचणी ठशावरच्या बिंदूला टेकवावयाची, तिथेच तिला अटकाव बसवावयाचा, आणि तेच यंत्र शिळेवर लावून टोचणी तितकीच आत जाईपर्यंत दगड कोरावयाचा. एक बिंदू झाला. असे शेकडो बिंदू. सगळ्या बिंदूंपर्यंत दगड उतरला की मूर्ती धुक्यातून दिसावी तशी दिसू लागते. हे पहिले उतरविण्याचे काम एका दर्जाच्या कारागिराचे. त्यानंतर जो येई तो वरिष्ठ कारागीर, आणि त्याचे काम सर्वांत अवघड : दोन बिंदूंच्या मधले सर्व काही. ओठाची कड, गुडघ्याची वाटी, पोटावरची सावली, कातडीचा ताण. यंत्र खोली सांगते, कातडी सांगत नाही. ती त्याच्या हातात असावी लागे. एवढे झाल्यावर धनी शिल्पकार येई, पाही, सूचना देई, क्वचित स्वतः थोडा हात फिरवी, आणि शेवटी सही कोरली जाई. सही अर्थातच धन्याची.

पोंपों या वरिष्ठ कारागिरांपैकी होता, आणि त्यांतलाही पहिल्या प्रतीचा. १८९० साली तो ओग्यूस्त रोदँकडे लागला. रोदँचे नाव तेव्हा युरोपभर होत होते आणि संगमरवराच्या मागण्या इतक्या होत्या की त्याच्या शाळेत अनेक हात राबत. पुढे बूर्देलसारखा माणूस तेथे कारागीर म्हणूनच आला. १८९३ पासून पोंपोंकडे त्या शाळेची देखरेख आली. म्हणजे दगड कोणता, हात कोणाचा, मजुरी किती, हे पाहावयाचे. आमच्या भाषेत मुकादमी. कामीय क्लोदेल ही रोदँच्या तोडीची, आणि रोदँच्याच सावलीमुळे पुष्कळ सोसलेली शिल्पकार स्त्री. तिचा 'पर्सियस आणि गॉर्गन' हा पुतळा संगमरवरात उतरविला तोही पोंपोंने.

माझ्यासारख्या माणसाकडून अपेक्षा अशी असते की आता त्याने रोदँला शोषक ठरवून चार टाळ्या घ्याव्यात. तसे मी करणार नाही, कारण ते खरे होणार नाही. रोदँ स्वतः गरिबाघरचा. मोठ्या कलाविद्यालयाने त्याला तीनदा परत पाठविले होते, आणि तरुणपणची कित्येक वर्षे त्याने दुसऱ्याच्या कारखान्यात नक्षीकामाची मजुरी केली होती. कारागिराला तो मान देई. पद्धतच तशी होती आणि ती लपविलेली नव्हती. परंतु जे लपविलेले नाही ते न्याय्य असतेच असेही नाही. मूळ कल्पना ज्याची, कृती त्याची, हा नियम कोणी केला? ज्याच्यापाशी माती कालवावयास वेळ होता त्याने. रोज दहा तास दगडापुढे उभा राहणारा माणूस रात्री घरी येऊन कल्पना कशी करणार? कल्पनेलाही भाडे लागते, जागा लागते, दिवसाचा उजेड लागतो.

१९०७ साली रुमानियातून आलेला ब्रांकूशी रोदँच्या शाळेत जेमतेम एकदोन महिने राहिला आणि बाहेर पडला. मोठ्या झाडाखाली दुसरे झाड वाढत नाही हे त्याने ओळखले. ते शहाणपणाचे होते यात शंका नाही. पण ब्रांकूशी तेव्हा एकतीस वर्षांचा आणि एकटा होता. जो संसार चालवितो आणि ज्याला कामातच समाधान मिळते तो सहजी बाहेर पडत नाही. मी अशा माणसांना भित्रे म्हणत नाही. उभा कारखाना त्यांच्यावर चाललेला असतो.

पोंपोंने स्वतःचे नाव लावून काही केलेच नाही असे नाही. १८८८ च्या सरकारी प्रदर्शनात त्याने 'कोझेत' हा पुतळा मांडला होता. व्हिक्टर ह्यूगोच्या 'ले मिझेराब्ल' या कादंबरीतील ती पोरकी मुलगी. पाण्याची बादली तिच्या अंगाहून जड. विषय पाहिला तरी करणाराची सहानुभूती कोठे होती ते कळते. पुतळा चांगला होता, पण तसे चांगले पुतळे त्या प्रदर्शनात ढिगाने येत. त्यातून ना मोठे काम मिळाले ना नाव. माणसांची काही मुखशिल्पेही त्याने केली. मग तो पुन्हा दुसऱ्यांच्या शिळांकडे वळला.

रोदँकडून निघाल्यावर १८९६ पासून तो रने द सँ-मार्सो या शिल्पकाराकडे लागला आणि पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत तेथे राहिला. सँ-मार्सोचे नाव आज फारसे कोणी घेत नाही, पण त्याचे एक काम आपण सर्वांनी नकळत पाहिलेले आहे. पृथ्वीच्या गोलाभोवती पाच आकृती हातोहात पत्रे देत आहेत, असे जे जागतिक टपाल संघाचे बोधचिन्ह आहे, ते १९०९ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे उघडल्या गेलेल्या त्याच्या स्मारकावरून घेतलेले आहे.

सँ-मार्सोचे उन्हाळी घर नॉर्मंडीत कुई-सँ-फियाक्र या खेड्यात होते. उन्हाळ्यात कामाबरोबर पोंपोंलाही तेथे जावे लागे. पोंपोंच्या आयुष्याला वळण लागले ते येथे. भोवती शेते, गुरे, डुकरे, कोंबड्या, बदके, हंसांचे थवे. त्याने एक लहानशी फळी केली. पट्ट्याने गळ्यात अडकवावयाची, तिच्यावर ओली माती, आणि जनावरामागे चालत चालत बोटे चालवावयाची. आपल्याकडे चणे-फुटाणे विकणारा गळ्यात टोपली अडकवून फिरतो, तसेच म्हणा ना. सुताराच्या पोराला असली फळी बनविणे जड नव्हते. जनावर उभे राहत नाही, मग शिल्पकाराने का उभे राहावे? ही गोष्ट साधी वाटते, परंतु शंभर वर्षांच्या रिवाजाला तिने धक्का दिला होता.

तो रिवाज अंत्वान-लुई बारीचा. बारी हा फ्रेंच प्राणिशिल्पाचा खरा जनक. सोनाराचा मुलगा, तोही हातकामातून वर आलेला, १८४८ साली दिवाळे निघालेला आणि १८७५ साली मोठ्या मानाने वारलेला. मेलेल्या सिंहाची मोजमापे घेऊन, सांगाडे अभ्यासून, प्रत्येक स्नायू ओळखून तो प्राणी घडवी. त्याच्या वर्गाला तरुण रोदँ बसला होता. बारीच्या प्राण्यांत कातडीखालचे सगळे दिसते. ते झुंजतात, फाडतात, ओरडतात. पोंपोंने हे सर्व शिकून घेतले होते आणि मगच सोडून दिले. त्याला नॉर्मंडीच्या कुरणात दिसले ते निराळेच. हंस दूरवरून चालत येतो तेव्हा त्याची पिसे दिसत नाहीत. दिसतो तो एक आकार आणि त्या आकाराचा डौल. जवळ गेल्यावर पिसे दिसतात खरी, पण तोवर हंस हरवलेला असतो! चालण्यातूनच आकार घडतो, हे त्याच्या ध्यानात आले, आणि पुढची तीस वर्षे त्याने या एका गोष्टीची उजळणी केली.

त्याची रीत अशी. प्रथम जनावर सगळ्या तपशिलांसह घडवावयाचे; पीस, केस, सुरकुती, काही सोडावयाचे नाही. मग घरी येऊन एकेक तपशील काढून टाकावयाचा. काय काढले असता प्राणी मरत नाही, हे पाहावयाचे. शेवटी जे उरे ते गुळगुळीत, बंदिस्त आणि आश्चर्यकारक रीतीने जिवंत असे. लूव्ह्रच्या संग्रहालयातील प्राचीन मिसरी शिल्पे त्याला प्रिय होती. त्यांतही असाच अबोलपणा आहे. त्याची कोंबडी पाहा, पाणघोडा पाहा, काळी वाघीण पाहा. काही जण म्हणतात, हे आधुनिक कलेचे सुलभीकरण. मला ते पटत नाही. सुलभ करणारा तपशील टाळतो, कारण तो त्याला येत नसतो. पोंपोंने आयुष्यभर मजुरीने तपशीलच कोरले होते. ओठाची कड आणि गुडघ्याची वाटी कोरून कोरून ज्याचे बोट पिकले, त्यालाच काय सोडावे हे कळले.

म्हणजे मग ती चाळीस वर्षे सत्कारणी लागली म्हणावयाची का? पोंपोंची गोष्ट सांगणारे बहुतेक लोक येथेच गोड होतात. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, ही म्हण तयारच असते. पण ती म्हण दगडाची आहे. टाकी धरणाऱ्या हाताला देवपण येते की संधिवात, याविषयी ती काही बोलत नाही. माझ्या ओळखीचा एक वृद्ध पॅटर्नमेकर होता. पंपाच्या आवरणाचे लाकडी पॅटर्न तो असे करी की साच्यातून काढताना वाळूचा कण हलू नये. सुटीच्या दिवशी उरलेल्या सागाच्या तुकड्यांतून तो बैल करी. मान खाली घातलेले, ओढणारे. निवृत्त होताना ग्रॅच्युइटीच्या हिशेबासाठी दीड वर्ष हेलपाटे घातले, आणि पैसे हाती आले तेव्हा दृष्टी गेली होती. त्याचे बैल कोठे आहेत ते त्याच्या मुलालाही सांगता आले नाही. पोंपों ६७ व्या वर्षी प्रसिद्धीला आला म्हणून आपण त्याची गोष्ट सांगतो. ६६ व्या वर्षी गेला असता तर ती सांगावयास कोण उरले असते? रोदँच्या चरित्रात तळटीप म्हणून कोठे तरी त्याचे नाव सापडले असते, एवढेच. मजुरीने त्याला हात दिला हे मी मान्य करतो. परंतु दृष्टी त्याने मिळविली ती चोरलेल्या वेळात, रात्रीच्या शाळेत आणि कुरणात. आणि तो वेळ त्याला चोरावा लागला ही तक्रार शिल्लक राहते.

महायुद्ध आले. १९१५ साली सँ-मार्सो वारला. पुतळे कोरण्याचा धंदाच बसला. शिळा मागविणारे लोक खंदकांत नाही तर सुतकात होते. पोंपों साठीला पोहोचला होता. फ्रान्समध्ये १९१० साली कामगारांच्या वार्धक्यवेतनाचा कायदा झाला होता, पण पात्रतेचे वय प्रथम ६५ ठेवले होते; तेथवर कामगार जगतो कोठे, म्हणून तेथल्या कामगार महासंघाने त्याला मेलेल्यांचे पेन्शन असे नाव ठेवले. आठ तासांचा दिवस मिळाला तो १९१९ च्या एप्रिलमध्ये, पोंपोंचे सारे उमेदीचे आयुष्य दहा तासांनी मोजून झाल्यावर. मोंपार्नास भागात काम्पान्य-प्रमिएर या रस्त्यावरच्या साध्या घरात नवराबायको राहत होती. १९२१ साली बेर्त वारली. जवळजवळ चाळीस वर्षांचा संसार. तिने जे अस्वल मातीत आणि प्लास्टरमध्ये वाढताना पाहिले असेल, त्याचे कौतुक एका वर्षाने सुरू झाले. या वर्षभराच्या अंतराविषयी मी वाचतो तेव्हा पुस्तक क्षणभर मिटून ठेवतो.

मग मात्र उशिराने आलेला पाऊस यावा तशी कामे आली. अस्वलाच्या लहान प्रती संगमरवरात आणि ब्राँझमध्ये निघाल्या. एक संगमरवरी प्रत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने घेतली. फ्रेंच सरकारने मोठे अस्वल दगडात करवून घेतले. सुमारे अडीच मीटर लांब आणि १ मीटर ६३ सेंटिमीटर उंच असे ते शिल्प आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि मुले त्याला हात लावण्यासाठी धडपडतात. १९२५ साली सरकारी सन्मानपदक मिळाले. या अकरा वर्षांत त्याने रानडुक्कर, पेलिकन, घुबड, मोठे सांबर, बैल, ओरांग-उटान असे किती तरी प्राणी पुरे केले. घरी एक कबूतर पाळले होते, त्याचे नाव निकोला. त्याचेही शिल्प आहे. १९३१ साली, म्हणजे ७६ व्या वर्षी, त्याने झान पूपले या शिल्पकार स्त्रीबरोबर बारा प्राणिशिल्पकारांचे मंडळ स्थापन केले. एकेकट्याने प्रदर्शनवाल्यांच्या दारात उभे राहण्यापेक्षा बारा जणांनी मिळून आपली जागा घ्यावी. या म्हाताऱ्याला युनियनचा अर्थ कळला होता, असे मी माझ्यापुरते म्हणतो. इतिहासकारांनी रागावू नये.

ब्राँझविषयी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती माझ्या धंद्यातली आहे. त्याचे ब्राँझ प्राणी ओतले ते एब्रार आणि व्हाल्सुआनी या नामांकित ओतशाळांत. मेणाचा नमुना, त्यावर मातीचे आवरण, मेण वितळवून काढले की राहिलेल्या पोकळीत धातू. आपल्याकडे पंचरसी मूर्ती करणाऱ्यांना ही रीत पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गुळगुळीत प्राणी ओतणे हे केसाळ प्राणी ओतण्याहून अवघड, हे कोणताही मोल्डर सांगेल. केसांत एखादे छिद्र, एखादी सांध्याची रेघ लपून जाते. पोंपोंच्या वाघिणीच्या पाठीवर लपावयास जागाच नाही. या ब्राँझवर पोंपोंची सही आहे आणि ओतशाळेच्या मालकाचा शिक्काही आहे. ज्याने मूस उचलली त्याचे नाव येथेही नाही. स्वतः चाळीस वर्षे बिननावाने राबलेल्या माणसाच्या कामावर दुसऱ्या बिननावाच्या माणसांचे हात उमटलेले आहेत. म्हणून मी पोंपोंला दोष देत नाही. रिवाज माणसापेक्षा चिवट असतो एवढेच दाखवितो.

६ मे १९३३ रोजी, अठ्ठ्याहत्तरावे वर्ष पुरे व्हावयास तीन दिवस असताना, पोंपों पॅरिसमध्ये वारला. सोल्योला त्याला पुरले. थडग्यावर क्रूस किंवा देवदूत नाही. त्याने घडविलेले काँडर गिधाड बसलेले आहे. आयुष्याची सुरुवात ज्याने दुसऱ्यांच्या थडग्यांवर हार कोरून केली त्याने स्वतःसाठी गिधाड ठेविले! कर्मशाळेतील सगळे काम, सुमारे तीनशे शिल्पे, त्याने मृत्युपत्राने राष्ट्राला दिले होते. मुले नव्हती. पुढे त्यातील मोठा भाग दिजोंच्या कलासंग्रहालयात आला, म्हणजे ज्या शहरी तो रात्रीच्या वर्गाला बसत असे तेथेच. सोल्योनेही त्याच्या नावाचे संग्रहालय केले आहे, आणि गावात त्याचा ब्राँझचा बैल उभा आहे. गुरांच्या बाजाराला येणारे शेतकरी त्याची परीक्षा करण्यास अधिकारी आहेत.

दिजों शहरात दार्सी नावाची बाग आहे. १९३७ साली तिच्या प्रवेशाजवळ पांढऱ्या अस्वलाची दगडी प्रत बसविली गेली. ती प्रत आंरी मार्तिने नावाच्या शिल्पकाराने पोंपोंच्या नमुन्यावरून कोरलेली आहे.